पळतो की

पळण्यानं शंकरअण्णा जतकरांच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी बघून घेऊ. वजन उतरलं असतं, पण वजनाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. कापडाच्या दुकानात गादीवरचा माणूस भरल्या अंगाचा असला की गिऱ्हाइकाला मालही टिकाऊ वाटतो, असं त्यांचं मत. साखर उतरली असती, पण ती हौस डॉक्टरांची. झोप चांगली लागली असती, तर ती त्यांना दुपारी गादीवरच लागत होती. म्हणजे जमेची बाजू जवळजवळ कोरी. फक्त एक गोष्ट होती, आणि तिच्यासाठी अण्णा उणकलच्या तळ्याकाठी धापा टाकायला गेले. त्यांची मुलगी अश्विनी लग्नानंतरही दुकानात यायला हवी होती.

दाजीबानपेठेत जतकरांचं दुकान कोण चालवतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. अण्णा गादीवर बसतात, येणाऱ्याला "बर्री, या, बसा" म्हणतात आणि चहा मागवतात. सुरतेचा कुठला माल घ्यायचा, कुठला तसाच परत धाडायचा, कुठल्या बाईला कुठल्या साडीचा फोटो पाठवायचा, हे सगळं अश्विनी बघते. ती गेली तर दुकानात उरणार अण्णा आणि चहा. ही गोष्ट अण्णा कुणाजवळ बोलत नसत, पण स्थळाचा विषय निघाला की त्यांचा चहा निवायचा.

स्थळ चांगलं होतं. रायापूरचं घर, मुलगा साकेत. पत्रिका जुळली, मुलं तर पत्रिकेच्या आधीच जुळली होती. घोडं अडलं ते एवढ्यावरच, की सून रोज चिगरी बस धरून पेठेत जाणार आणि संध्याकाळी शटर ओढून परतणार, हे रायापूरच्या घरी पटत नव्हतं. साकेतला विचारलं तर तो म्हणे, "माझी काही हरकत नाही," आणि आईकडं बघे.

श्रावणात साकेतचे वडील, पद्मनाभ सर, स्वतः दुकानात आले. धारवाडात गणित शिकवून निवृत्त झालेले, अंगानं वेताची छडी, रोज पहाटे पळणारे. अण्णांनी तक्क्या सरकवला. सर उभेच.

"महत्त्वाचं बोलणं मी बसून करत नाही," सर म्हणाले. "बसला की माणूस पाल्हाळ लावतो. पळताना मुद्द्याचंच बोलतो. तुम्ही पळता का हो?"

इथं अण्णांची चूक झाली. पण ती त्यांची एकट्याची म्हणता येणार नाही, वाडवडिलांच्या धंद्याची होती. गिऱ्हाइकानं मागितलेल्या वस्तूला 'नाही' म्हणायचं नाही, हा जतकरांचा कुळाचार. डाळिंबी रंगात आहे का? आहे की. नऊवारीत? आहे की, गोडाउनातून येतोय, तोवर चहा घ्या. आणि मग मागच्या दारानं माणूस शेजारच्या दुकानात पिटाळायचा.

"पळतो की," अण्णा म्हणाले.

पलीकडं कापड मोजणाऱ्या अश्विनीची मीटरपट्टी हवेतच थांबली.

"रोज?"

"रोज म्हणजे, सीझन बघून."

"मग उत्तम. उणकलला या एका रविवारी. पळता पळता दुकानाचं काय ते ठरवून टाकू."

"आता श्रावण, मग गणपती, मग पितृपंधरवडा. त्यात बोलणी नकोत," अण्णांनी माल पोचवायची मुदत वाढवून घेतली. "दसरा होऊ दे की, सर."

सर गेले. अश्विनीनं पट्टी खाली ठेवली.

"अप्पा, तुम्ही शेवटचं कधी पळाला होता?"

उत्तर रात्री जेवताना त्यांच्या बायकोनं, शालिनीताईंनी दिलं. "माझ्या मामेबहिणीच्या लग्नात. दुसऱ्या पंगतीला जागा धरायला."

माल कबूल केला होता, आता तो आणायला हवा. अण्णा आधी बुटांच्या दुकानात गेले. बूट आवडले. "व्यापाऱ्याला काय भावानं पडेल?" त्यांनी विचारलं. तिथल्या मुलीनं खोक्यावरची किंमत दाखवली. अण्णांनी निम्म्याला मागितले. तिनं परत खोकं दाखवलं. जतकरांच्या घराण्यात छापील किमतीला आजवर कुणी काही घेतलेलं नाही. अण्णा तसेच परतले आणि माळ्यावरचे जुने कॅनव्हासचे बूट झटकून दुसऱ्या दिवशी उजाडताना तळ्यावर हजर झाले.

आता कापडाच्या धंद्यात भाव नेहमी वरून सांगायचा असतो. मग गिऱ्हाइकाचं तोंड बघत बघत खाली उतरायचं. अण्णांनी पळण्याचाही भाव वरून काढला. बागेच्या फाटकातून ते जे सुटले ते असे, की चालणारी दोन माणसं बाजूला झाली आणि एका कुत्र्यानं काही वेळ साथ केली. पुढं खाली उतरायची वेळच आली नाही. दुसऱ्या बाकाशी सौदा मोडला.

तळ्यावर सकाळी येणारी निम्मी माणसं पेठेची गिऱ्हाइकं. "काय अण्णा, काय झालं?" "अण्णा, घरी कळवू का?" "अण्णा, त्या चंदेरीत मोरपंखी आला का?" अण्णांना एकालाही उत्तर देता येईना, आणि अशी वेळ त्यांच्यावर प्रथमच आली होती. कुणी लिंबू आणलं. कुणी रिक्षा थांबवली.

गर्दीतून यमुनाक्का पुढं आल्या. मुलींच्या शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेल्या या बाई. अजूनही दर जूनमध्ये शाळेच्या गणवेशाचं कापड घ्यायला त्याच येतात, आणि पेठेतले दुकानदार त्यांना लांबून बघूनच पाणी पितात.

"कोण मागं लागलं होतं, अण्णा?"

अण्णांनी मान हलवली. कुणी नाही.

"मग एवढं जिवावर उठून कशाला?"

श्वास परतल्यावर अण्णांनी सगळं सांगितलं. पळतो की म्हटल्याचं, दसऱ्याच्या मुदतीचं, अश्विनीचं. यमुनाक्का बाकावर टेकल्या.

"जूनमध्ये मी तुमच्याकडं भाव कसा करते?"

"दयामाया न ठेवता."

"कुठून सुरू करते?"

"निम्म्यापासून."

"निम्म्याच्याही खालून. मग एकेक रुपया वर. आणि शेवटी मला हवं तिथं तुम्ही येता. येता की नाही?"

अण्णांनी लिंबू चोखत मान डोलावली.

"पळणं गिऱ्हाइकाच्या बाजूनं करायचं असतं, अण्णा. तुम्ही दुकानदाराच्या बाजूनं केलंत. उद्या या. निधान. सावकाश."

दुसऱ्या दिवशी पळायला मिळेल म्हणून अण्णा कंबर कसून आले, तर यमुनाक्कांनी त्यांना चालवलंच. मग म्हणाल्या, आता त्या दिव्याच्या खांबापर्यंत पळा. पण असं, की शेजारून चालणाऱ्याला वाटावं हा माणूस नुसता घाईत आहे. खांब आला की परत चाला. पुढचा खांब, परत पळा.

"याला पळणं म्हणायचं?" अण्णांनी विचारलं.

"बोलता येतंय ना?"

"येतंय."

"मग हेच पळणं. बोलता येईना झालं की समजायचं भाव चढला. लगेच उतरायचं."

ही अट अण्णांना मानवली. बोलणं हा त्यांच्याकडचा एकमेव माल, जो कधीच संपलेला नाही. ते गदगच्या व्यापाऱ्यांची भांडणं सांगत पळत, बेळगावच्या शालूंचे किस्से सांगत चालत, आणि ऐकून ऐकून यमुनाक्काच कधीकधी म्हणत, "अण्णा, या खांबाला जरा जोरात पळा."

लोक हसले. पेठेत तर "अण्णा, आज कितव्या बाकावर?" हा प्रश्न नमस्काराच्या जागी आला. अण्णांना लागलं. त्यांनी तोंड पाडून यमुनाक्कांना सांगितलं.

"हसले तेव्हा ते काय करत होते?"

"बसले होते."

"बघा मग," यमुनाक्का म्हणाल्या. "हसणारे सगळे बसलेलेच असतात."

गणपतीत जरा जमायला लागलं, तशी अण्णांना हाव सुटली. सकाळी पळाले ते संध्याकाळीही पळाले, उद्याचंही आजच उरकू म्हणाले. नडगी सुजली. वर एका सकाळी दोन मिरची भजी खाऊन पळायला गेले आणि भज्यांनी निम्म्या वाटेत आपली बाजू मांडली. अश्विनीनं पायावर बर्फ ठेवला.

"अप्पा, नवं कापड शिवण्याआधी पाण्यातून काढायचं कुणी शिकवलं मला?"

"मीच."

"काढायचं आणि वाळवायचं. तसंच पाण्यात ठेवलं तर?"

"कुजतं," अण्णा म्हणाले, आणि एक दिवस पळून एक दिवस वाळत बसायला कबूल झाले.

त्याच आठवड्यात तिनं बूटही आणले, चांगले, मऊ टाचेचे. अण्णांनी किंमत विचारली. "सेल होता, निम्म्यात पडले," ती म्हणाली. नव्या बुटांनी ते खांब एकदम जवळ आणले. निम्म्या किमतीत एवढा माल, म्हणून अण्णा वाटेत भेटेल त्याला बूट दाखवत.

मग नवरात्रातली एक सकाळ. फाटकापासून वाट जिथं संपते तिथवर जायचं आणि परत यायचं, ही तळ्यावरची फेरी. अण्णा बोलत होते. एका बाईनं चार तास साड्या उलगडायला लावून शेवटी रुमाल कसा घेतला, ती हकीकत. रुमालापाशी पोचले तर समोर त्यांची स्वतःची स्कूटर.

"ही इथं कशी?"

"इथंच लावली होती तुम्ही," यमुनाक्का म्हणाल्या. "फेरी झाली."

"मधे चाललो कुठं?"

"नाही चाललात."

अण्णा मागं वळून वाटेकडं बघत राहिले. पाणी तसंच होतं, बाकं तिथंच होती. त्यांनी हे कुणालाही सांगितलं नाही. म्हणजे दुकान उघडेपर्यंत.

दसरा झाला. सोनं वाटून झालं. एरवी अंधारातच फेरी उरकून जाणारे पद्मनाभ सर त्या रविवारी अण्णांसाठी उजाडल्यावर तळ्यावर आले, मागोमाग जयलक्ष्मीबाई, साकेतची आई. त्यांच्या एका हातात सरांचा टॉवेल, दुसऱ्या हातात बाटली, खांद्याला थर्मास. त्या फाटकाजवळच्या बाकावर बसल्या. ती त्यांची रोजची जागा दिसत होती. अश्विनी दुकानात होती, पण फोन समोर ठेवून.

पाहुण्यांसमोर गणिताच्या मास्तरांनीही भाव वरून काढला. सर बाणासारखे निघाले. अण्णा घाईतल्या माणसासारखे.

"सर," मागून अण्णांचा आवाज आला, "मुद्दा ऐकायचा तर मागं यावं लागेल की."

सर मागं आले. अण्णांनी मुद्दा सुरू केला. सरांना तो वेग सोसेना, ते पुढं गेले. अण्णा बोलतच राहिले, सर ऐकायला परत मागं. असं पुढं-मागं करत सरांची फेरी अण्णांच्या दुप्पट झाली. पळताना माणूस मुद्द्याचंच बोलतो हे सरांचं गणित अण्णांच्या बाबतीत साफ चुकलं. गादीवर बसून जेवढं बोलायचे तेवढंच, फक्त उभ्यानं. चिगरी रायापूरहून कशी सरळ येते. संध्याकाळी शटर लवकर कसं ओढता येईल. अश्विनीनं सुरतेच्या दलालाला फोनवर कसं गप्प केलं होतं, ते सुरतेच्या आवाजासकट. परतीच्या वाटेवर सरांच्या तोंडून नुसतं "हं" निघत होतं, मग तेही निघेना.

"म्हणजे अश्विनी दुकानात आली तर चालेल?"

"चा... लेल."

"हातावर हात मारा मग."

सरांनी हात दिला, मुख्यतः आधारासाठी.

अण्णा बाकाकडं जवळजवळ नाचत गेले. "वहिनी, तोंड गोड करू या. सरांनी हो म्हटलं."

जयलक्ष्मीबाईंनी थर्मासचं झाकण सावकाश फिरवलं. "कशाला?"

"अश्विनीच्या दुकानाला."

"हो का. आणि मला कुणी विचारलं?"

अण्णांनी सरांकडं पाहिलं. सर मन लावून पाणी पीत होते. तेव्हा अण्णांना कळलं: एवढ्या महिन्यांचा घाम गाळून आपण सौदा केला तो गुमास्त्याशी. मालक बाकावर बसले होते.

त्यांना सगळं एका दमात बोलून टाकावं असं वाटलं, तोंड उघडलंही. मग यमुनाक्का आठवल्या, आणि त्यांनी भाव खाली आणला.

"चुकलंच, वहिनी. आता विचारतो. पण बसून नको. पळून लगेच बसलं की पाय धरतात. जरा चालता चालता?"

बाई उठल्या. सर टॉवेल शोधत राहिले.

"आठवड्यातून एखादा दिवस आली दुकानात, तर?" अण्णांनी सुरुवात केली. "आणि लग्नसराईत जरा जास्त. म्हणजे एखादा दिवस कशाला, दोन..."

"अण्णा, मी धारवाडच्या बाजारात भाजी घेते. खालून सुरू करून वर चढणं मला शिकवू नका."

थोडं चालल्यावर बाईच म्हणाल्या, "मगाशी तुमचे पाय बघत होते. तुम्ही पळताय असं वाटतच नव्हतं."

"आता काय सांगू..."

"टोमणा नाही मारत. एवढं हळू पळलं तर चालतं?"

"नव्या माणसानं असंच पळायचं असतं."

"मग हे मला इतकी वर्षं काय सांगतात?" बाईंनी मागं पाहिलं. "श्वास घे आणि सूट, म्हणाले. सुटले एकदा. तिथं, त्या बाकापर्यंत. मग घरी आडवी. तेव्हापासून बाटली सांभाळते."

तो दुसरा बाक होता. अण्णांनी त्याला ओळखलं.

"वहिनी, पदर खोचा. त्या खांबापर्यंत."

"आत्ता? चपलेत?"

"आज चपलेत. नुसतं घाईत असल्यासारखं. आणि बोलत राहायचं. बोलता येईना की थांबायचं, त्यात कमीपणा नाही."

"काय बोलू?"

"अश्विनीनं दुकानात का यायचं नाही, ते बोला."

बाई पळू लागल्या. आणि बोलू लागल्या. "मला दुकानाचं काही नाही हो. हे तळ्यावर. साकेत त्या लॅपटॉपात. दिवसभर घरात मी आणि कुकर. सून येईल, बोलायला कुणी असेल, असं मनात धरलं होतं. तीही सकाळी बस धरून गेली, तर मी परत बाटलीच सांभाळायची?"

अण्णा शेजारून पळत राहिले. खांब आला. बाई बोलण्याच्या भरात पुढं गेल्या. पुढच्या खांबाशी त्या थांबल्या आणि त्याला हात लावून पाहिला, खरा आहे का म्हणून.

"दोन झाले?"

"झाले."

"धाप नाही लागली."

"बोलत होता ना."

त्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या. पाण्यावर बगळे उतरले होते. त्यांनी खोचलेला पदर सोडला.

"अश्विनी दुकानात जाऊ दे," त्या म्हणाल्या. "पण सकाळी मला इथं पळायला तुम्ही शिकवायचं."

मागून पोचलेल्या सरांनी हे ऐकलं. "मी शिकवतो की."

"तुम्ही नेहमी पुढं असता. पाठमोरा माणूस काय शिकवणार?"

तुळशीचं लग्न झाल्यावर अश्विनीचं लग्न झालं. विहिणीच्या मानासाठी अण्णांनी उत्तम शालू काढून ठेवला होता. मान मोठा दिसेल आणि घरचाच माल, खरेदीच्या भावात बसेल, असा दुहेरी विचार. जयलक्ष्मीबाईंनी तो परत सरकवला. "साड्या मला पुष्कळ आहेत. मानाचे बूट द्या."

आता कुणाच्या पदरात काय पडलं ते सांगून टाकतो. सर आपली बाटली आपण उचलतात आणि पहाटेचा चहा स्वतः करतात. तो कसा होतो हे साकेत सांगत नाही. अश्विनीला दुकान मिळालं, पण अण्णा तळ्यावरून दहाच्या आत येत नाहीत, त्यामुळे शटर उघडणं, झाडलोट, देवाचा दिवा, सकाळची तोंडाळ गिऱ्हाइकं, सगळं तिच्याच गळ्यात. दुपारी ती सासूबाईंना फोन लावते, आणि खांबांच्या गोष्टी ऐकताना तिला मोजलेलं कापड परत मोजावं लागतं. यमुनाक्कांनी गुरुदक्षिणा म्हणून जूनमध्ये भाव आणखी खाली ओढला.

राहिले मानाचे बूट. अण्णा मागं जिथून रिकाम्या हातानं परतले होते, त्याच दुकानात ते, विहीणबाई आणि अश्विनी गेले. विहीणबाईंनी सगळे जोड पायात घालून दुकानभर पळून पाहिले, बोलत बोलत. एक पसंत पडला. अण्णांनी निम्म्याच्याही खालून सुरुवात केली, एकेक रुपया वर चढले. तिथल्या मुलीनं खोकं दाखवलं. शेजारच्याच फळीवर अण्णांच्या पायात होता तसलाच जोड मांडलेला होता. त्याच्यावरची किंमत वाचून त्यांनी अश्विनीकडं पाहिलं, तर ती मोजे बघण्यात गुंतली होती.

अण्णांनी पैसे मोजले. छापील, पूर्ण. पिशवीचे वेगळे पडले, तेही त्यांनीच दिले.